गंड्याचे तीन अर्थ : कलावतीची उमेदवारी आणि तिचे दैव

जबलपूरसारख्या हिंदीभाषक नगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला एका लहानशा शब्दापाशी वारंवार अडखळावे लागते. तो शब्द म्हणजे ‘बाई’. मराठी घरात सासूबाई असतात, आत्याबाई असतात. शाळेत शिकविणाऱ्या त्याही बाईच. दाराबाहेरच्या हिंदीत मात्र ‘बाईजी’ म्हटले, की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे मैफिलीत गाणारी, कोठ्यावर राहणारी स्त्री उभी राहते. आदर आणि संकोच एकाच शब्दात असे शेजारी शेजारी नांदत आले आहेत. सुभद्राकुमारी चौहान यांनी विवाहानंतरचे आयुष्य ह्याच नगरात काढले, आणि झाशीच्या एका मराठी ‘बाई’ला त्यांच्या कवितेने हिंदी वाचकाच्या मनात अढळ स्थान मिळवून दिले. त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ रोजी प्रयागजवळच्या निहालपूर गावी झाला. त्याच्या एकच महिना आधी, १५ जुलै १९०४ रोजी, गोव्यातील कुर्डी ह्या खेड्यात एका कलावंत घराण्यात दुसरी एक मुलगी जन्माला आली. पुढे ती मोगूबाई कुर्डीकर ह्या नावाने ओळखली गेली. तिच्या नावातील ‘बाई’ मात्र दोन्ही अर्थांचे ओझे घेऊन आली होती. एका अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंत तिला चालून जावे लागले. ही वाट कशी होती, तिच्यावर दैवाचा भाग किती आणि माणसांचा किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या वाटेवर एक धागा आडवा येतो. त्याला आपण ‘गंडा’ म्हणतो. मराठीत ह्या शब्दाचे तीन अर्थ रूढ आहेत. पहिला गंडेदोऱ्यांतला : दृष्ट लागू नये, पीडा टळावी म्हणून मंतरून बांधलेला दोरा. दुसरा गंडाबंधनातला : उस्तादाने शिष्याच्या मनगटाला बांधलेला, गुरुशिष्याचे नाते जाहीर करणारा धागा. आणि तिसरा, ‘गंडा घातला’ ह्या वाक्प्रचारातला : विश्वासाने पुढे केलेल्या हाताची फसवणूक. ह्या तिन्ही अर्थांचे मूळ एक असो वा नसो, कलावतीच्या उमेदवारीचे स्वरूप त्या तिहींतून जितके उलगडते तितके एखाद्या प्रबंधातूनही उलगडणार नाही. श्रद्धा, विद्या आणि व्यवहार ही तिन्ही त्या एका धाग्यात वळलेली असतात. त्यातला एकच पदर पाहणारा समीक्षक, मग तो भाविक असो की सुधारक, हमखास चुकतो.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. म्हणून प्रथम जपानकडे पाहणे सोयीचे होईल. आर्थर गोल्डन यांची गेइशेच्या जीवनावरील कादंबरी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि क्योतोतील गिओन ही वस्ती जगभरच्या वाचकांच्या परिचयाची झाली. त्या कादंबरीची नायिका पंचांग पाहते, शकुन जाणते, तिचे नवे नाव ज्योतिष्याच्या सल्ल्याने ठरते. अनेक वाचकांना हा भाग पौर्वात्य गूढतेचा नमुना वाटला. परंतु त्याच कादंबरीत नायिकेची थोरली बहीण होण्याचा करार जवळजवळ एखाद्या पैजेप्रमाणे ठरतो : ठरावीक वयापर्यंत मुलीचे कर्ज फिटले तर मोबदला इतका, न फिटले तर तितका. पंचांग आणि पैज ही एकाच घरात, एकाच मुलीच्या संदर्भात, एकाच वेळी चाललेली असतात. वाचक पंचांग लक्षात ठेवतो आणि पैज विसरतो.

प्रत्यक्ष प्रथेकडे पाहिले तर हा संबंध अधिक स्पष्ट होतो. क्योतोत शिकाऊ गेइशेला ‘माइको’ म्हणतात. ती ज्या घरात राहते ते ‘ओकिया’. तिथली मालकीण ती तिची ‘आई’. आधी घरकाम आणि नृत्यगायनाचे प्राथमिक धडे, मग ‘मिनाराई’, म्हणजे मैफिलीत बसून नुसते पाहून शिकणे, आणि त्यानंतर ‘मिसेदाशी’ हा पदार्पणाचा दिवस, असा क्रम असतो. हा दिवस शुभ पाहूनच ठरवितात. त्या वेळी माइको आणि तिची ‘थोरली बहीण’ एकाच पेल्यातून साकेचे घोट घेतात. तीन पेले, प्रत्येकी तीन घोट, असा हा नऊ घोटांचा विधी होय. जपानी विवाहातही हाच विधी असतो. थोरलीच्या नावातील एक अक्षर धाकटीच्या नव्या नावात येते. कामासाठी घराबाहेर पडताना तिच्या पाठीमागे गारगोटीवर पोलाद घासून ठिणग्या पाडण्याचीही चाल आहे. त्याने अरिष्ट टळते असा समज.

ह्या प्रत्येक चालीचे काम निराळे आहे. ठिणग्या मुलीच्या मनाला धीर देतात. नऊ घोट रक्ताचे नाते नसलेल्या दोघींना बहिणी करतात. त्यानंतर धाकटीची चूक ही थोरलीची चूक ठरते आणि तिच्यासाठी क्षमा मागणे हे थोरलीचे कर्तव्य बनते. नावातले अक्षर सगळ्या वस्तीला सांगते, की ही मुलगी एकटी नाही. आणि ह्या साऱ्यांच्या खाली ओकियाची वही असते : किमोनो, शिक्षण आणि जेवणखाण ह्यांवरील खर्च, जो मुलीने पुढील कमाईतून फेडावयाचा. युद्धपूर्व काळी कित्येक मुली ह्या घरांत स्वेच्छेने आल्या नव्हत्या, विकल्या गेल्या होत्या. आज सक्तीचे शालेय शिक्षण संपविल्यावर मुली स्वतः हा मार्ग निवडतात, आणि १९५६ मध्ये जपानने वेश्याव्यवसायविरोधी कायदा केला तो १९५८ पासून पूर्णतः लागू झाला. तरीही जुनी शंका पुसली गेलेली नाही. गोल्डन यांना माहिती देणाऱ्या मिनेको इवासाकी ह्या गिओनमधील गेइशेने, आपल्या व्यवसायाचे चित्र विपर्यस्त झाले म्हणून, २००१ मध्ये त्यांच्यावर दावा लावला, २००२ मध्ये स्वतःचे आत्मकथन प्रसिद्ध केले, आणि २००३ मध्ये तडजोड झाली. वादाचा गाभा असा, की मुलीच्या कौमार्याचा लिलाव होण्याची कादंबरीतील प्रथा आपल्या अनुभवातील नव्हे, असे इवासाकी यांचे म्हणणे होते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, गंड्याचा तिसरा अर्थ तिला नाकारावयाचा होता आणि पहिले दोन जपावयाचे होते.

आता आपल्याकडे येऊ. गोव्यातील मोठ्या देवस्थानांच्या आश्रयाने राहणाऱ्या कलावंत घराण्यांत मुलीची उमेदवारी देवळापासूनच सुरू होई. देवाच्या पालखीपुढे गाणे, उत्सवात नाचणे हा तिच्या कुळाचा अधिकार आणि बंधनही. ‘शेंस’ नावाच्या विधीने तिचे लग्न लागे. पण वर माणूस नसे. पुरुषवेष घातलेली दुसरी मुलगी, किंवा कट्यार व नारळ, हीच वराची जागा घेत. देवाची वधू ती कधी विधवा होत नाही, म्हणून ती अखंड सौभाग्यवती आणि शुभदर्शनी मानली जाई. व्यवहारात मात्र ह्या मंगलतेचा अर्थ एवढाच उरे, की तिला कुणा एकाची पत्नी होता येत नव्हते आणि तिच्या मुलांना बापाचे नाव मिळत नव्हते. उत्तरेकडील ‘नथ उतरण्या’चा समारंभही ह्याच जातीचा. मंगल शब्दांच्या आड तेथे एका अजाण मुलीची किंमत ठरत असे. समाज ज्या गोष्टीची लाज बाळगतो तिला तो शुभ मुहूर्त लावतो, असा एक कटू नियम येथे दिसून येतो.

ह्याच घराण्यांतील मुली जेव्हा ख्यालगायनाकडे वळल्या तेव्हा त्यांच्या मनगटाला दुसरा धागा बांधला गेला. गंडाबंधनाचा समारंभ सर्वश्रुत आहे. उस्ताद शिष्याच्या मनगटाला धागा बांधतो, त्याला चणे आणि गूळ भरवितो, पहिली तान किंवा पहिले स्वर म्हणवून घेतो. शिष्य गुरूला वस्त्र, मिठाई आणि नजराणा अर्पण करतो. उपस्थित गुणिजन साक्षी असतात. चणे हे कष्टाचे आणि गूळ हा त्यांच्या फळाचा, असा अर्थ लावण्याची रीत आहे. मुसलमान उस्ताद आणि हिंदू कलावंतीण ह्यांच्यामध्ये पितापुत्रीसारखे नाते उभे करण्याचे सामर्थ्य ह्या साध्या विधीत होते. आणि ज्या मुलीच्या बापाचे नाव जगाला सांगता येत नव्हते, तिला येथे घराण्याचे नाव मिळत होते. ‘घराणे’ हा शब्द तिच्या बाबतीत किती अर्थपूर्ण होता हे वेगळे सांगावयास नको.

परंतु हा धागा सहजी बांधला जात नसे. मोगूबाईंचे चरित्र ह्या दृष्टीने बोलके आहे. आई जयश्रीबाई हिने मुलीला गायिका करण्याचा ध्यास घेतला होता, पण १९१४ मध्ये ती वारली. मुलगी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. नाटक मंडळ्यांतून भूमिका करीत ती वाढली. १९१९ च्या सुमारास औषधोपचारासाठी सांगलीस राहिली असता, घरात मेहनत करताना तिचा आवाज रस्त्याने जाणाऱ्या एका वृद्ध गवयाच्या कानी पडला. तो घरात आला आणि शिकवू लागला. हे जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ होत हे तिला मागाहून कळले, असे सांगतात. ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी ‘केवढे नशीब!’ हे उद्गार येतात, आणि ते खोटे नाहीत.

मात्र कथा येथे संपत नाही. राजर्षी शाहू महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाले, कोल्हापूर दरबारचा आश्रय संपला आणि खाँसाहेब मुंबईस गेले. मोगूबाईही त्यांच्या मागोमाग मुंबईस गेल्या. तेथे दरबाराची जागा धनिक आश्रयदात्यांनी घेतली होती, आणि खाँसाहेबांची विद्या इतरत्र जाऊ नये असा त्यांचा आग्रह असे. मोगूबाईंची तालीम ह्या दडपणाखाली खंडित झाली. आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ, पुढे खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ, अशा वळणांनी त्या शिकत राहिल्या. स्वतः अल्लादिया खाँ यांचा गंडा त्यांना बांधला गेला तो १९३४ मध्ये. म्हणजे सांगलीच्या त्या रस्त्यावरील दैवयोगानंतर पंधरा वर्षांनी. दैवाने दार दाखविले असेल. दारातून आत जायला पंधरा वर्षे लागली, आणि ती वर्षे दैवाने नव्हे, माणसांनी लावली.

केसरबाई केरकरांचे चरित्र ह्याच्या शेजारी ठेवावे. जन्म १८९२, गोव्यातलेच केरी गाव, तेच कलावंत कुळ. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने, मग रामकृष्णबुवा वझे, मुंबईत बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले, असे एकामागून एक गुरू आले आणि गेले. १९२१ मध्ये अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व लाभले आणि ते १९४६ मध्ये खाँसाहेबांच्या निधनापर्यंत अखंड टिकले. त्यांच्या पाठीशी धनिकाश्रयाचे बळ होते. गुरूला अन्यत्र जावे लागू नये अशी तरतूद होऊ शकत होती. केसरबाईंची असामान्य मेहनत आणि तेजस्वी आवाज ह्यांचे मोल ह्यामुळे तिळभरही कमी होत नाही. परंतु दोन समान गुणवान मुलींपैकी एकीची तालीम पंचवीस वर्षे अखंड चालावी आणि दुसरीची खंडित व्हावी, ह्या फरकाला ‘दैव’ म्हणणे म्हणजे हिशेबाच्या वहीला पंचांग म्हणण्यासारखे आहे.

१९३४ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मुंबई प्रांतात देवदासी संरक्षण कायदा झाला आणि देवाला मुली वाहण्याची प्रथा बेकायदा ठरली. ज्या वर्षी मोगूबाईंच्या मनगटाला गुरूचा धागा बांधला गेला, त्याच वर्षी राज्यसत्तेने देवाचा धागा तोडावयास घेतला, हा योगायोग उद्बोधक आहे. गोव्यातील कलावंतांनीही ‘गोमंतक मराठा समाज’ ह्या नावाखाली आपली संघटना उभी करून जुन्या प्रथांशी फारकत घेतली. राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ हे नाव दिले, ह्यातच त्या पिढीची वेदना साठविलेली आहे. सुधारकांचे कार्य थोर होय. तथापि समीक्षकाने एक विवेक ठेवावयास हवा : शेंसेचा दोरा आणि गंड्याचा दोरा हे दोन्ही ‘अंधश्रद्धा’ ह्या एकाच खात्यात टाकता येत नाहीत. पहिल्याने मुलीची वाट बंद होत होती, दुसऱ्याने ती उघडत होती. विधी खरा की खोटा हा प्रश्न त्यामानाने गौण आहे; तो विधी कुणाच्या बाजूने काम करतो, हा खरा प्रश्न होय.

साहित्याने हा प्रश्न ओळखला आहे काय? मिर्झा हादी रुस्वा यांच्या ‘उमराव जान अदा’ (१८९९) ह्या उर्दू कादंबरीत त्याचे एक मार्मिक उत्तर सापडते. फैजाबादची अमीरन पित्यावरील सूडापोटी पळविली जाते आणि लखनौस विकली जाते. तिच्याबरोबर रामदेई नावाची आणखी एक मुलगी विकली जाते. अमीरनला खानमच्या कोठ्यावर नेतात आणि ती उमराव जान होते. रामदेईला एक बेगम विकत घेते आणि कालांतराने ती नबाबाच्या घरची बेगम होते. पुढे दोघींची भेट होते. दोघी मुळात सारख्याच. गिऱ्हाईक कोण मिळाले एवढ्यावरून एकीला घर लाभले, दुसरीला बाजार. रुस्वा दैवाचा उच्चार टाळीत नाहीत. पण त्या दैवाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवून ठेवतात. म्हणूनच ही कादंबरी केवळ करुणकथा राहत नाही.

मराठीत ह्या संदर्भात हिराबाई पेडणेकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. सावंतवाडीच्या नायकीण कुळात जन्मलेल्या, भास्करबुवा बखल्यांकडे गाणे शिकलेल्या ह्या स्त्रीने १९०४ मध्ये ‘जयद्रथविडंबन’ आणि त्यानंतर ‘दामिनी’ हे नाटक लिहिले. ‘दामिनी’ ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी ह्यांसारखे नामवंत त्यांच्या परिचयातले. गाण्यात त्यांना गुरू लाभला, कारण तेथे गंड्याची रीत होती. साहित्यात मात्र अशी कोणतीही रीत नव्हती, की जिच्या योगे एखादा श्रेष्ठ लेखक चारचौघांसमक्ष ‘ही माझी शिष्या’ असे म्हणून तिची जबाबदारी घेईल. कौतुक झाले, भेटीगाठी झाल्या. वाङ्मयाचे घराणे मिळाले नाही. १९५१ मध्ये कोकणातील पालशेत येथे त्यांचा अंत झाला तेव्हा मराठी साहित्यजगत त्यांना जवळजवळ विसरले होते. वसंत कानेटकरांनी १९७६ मध्ये ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहून त्यांची आठवण जागविली. ज्याला आपण मागासलेला विधी म्हणतो तो गवयांजवळ होता आणि सुशिक्षित लेखकांजवळ नव्हता, हे आपल्या वाङ्मयीन संस्कृतीने मान्य केले पाहिजे.

ह्यावरून गंड्याचे सरसकट गौरवीकरण करावे असे मात्र नव्हे. जो धागा नाते जोडतो तोच विद्या अडवूनही ठेवतो. गुरूची मर्जी, सहशिष्यांची असूया, आश्रयदात्याचा अधिकार ही सारी त्याच गाठीत असतात, आणि शिष्येला त्यांविरुद्ध दाद मागण्याचे स्थान नसते. केसरबाईंनी पुढे आपली विद्या देण्यात हात आखडता घेतला. धोंडूताई कुलकर्णी ह्या एकीलाच त्यांची दीर्घ तालीम लाभली. ज्या वस्तूसाठी एवढे मोल मोजले ती सहज कुणाला द्यावी, ही अपेक्षा कदाचित अन्यायाची होती. पण संगीताचे नुकसान व्हायचे ते झालेच. उलट मोगूबाईंनी अनेक शिष्य घडविले, आणि स्वतःच्या कन्येला, किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांना, निर्दय म्हणावी इतक्या शिस्तीने शिकविले. तेथे आई हीच गुरू होती. ज्या दाराशी पंधरा वर्षे तिष्ठत राहावे लागले ते दार तिने लेकीसाठी घरातच उघडले.

म्हणून चरित्रग्रंथात वा कादंबरीत ‘दैवयोगाने’ हा शब्द भेटला, की समीक्षकाने क्षणभर थांबावे. दैव नाही असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. आवाज जन्मतःच मिळतो, आणि कुणी रस्त्याने जाताना तो ऐकतो किंवा ऐकत नाही. शकुन पाहणाऱ्या मुलीला हसण्याचेही कारण नाही. जिच्या हाती काहीच नसते ती निदान दिवस तरी चांगला निवडते. पण त्या शब्दापाशी तीन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये : धागा कुणी बांधला, त्याचे मोल कुणी दिले, आणि तो बांधला जाऊ नये म्हणून कुणी आडवे आले? ही तीन उत्तरे मिळाली म्हणजे दैवाचा उरलेला वाटा किती, हे आपोआप कळते. तो बहुधा समजुतीपेक्षा लहान असतो.

शेवटी पुन्हा १९०४ मध्ये जन्मलेल्या त्या दोन मुलींकडे वळू. सुभद्राकुमारी अलाहाबादच्या क्रॉस्थवेट शाळेत शिकत असता, महादेवी वर्मा ही त्यांच्याहून लहान मुलगी चोरून कविता लिहिते हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी ते उघडकीस आणले आणि तिला आपली मैत्रीण केले. त्याला ना मुहूर्त लागला, ना धागा, ना नजराणा. हिंदी काव्याला त्या थोरल्या बहिणीने एक धाकटी बहीण मिळवून दिली आणि तिचे मोल कुणालाच द्यावे लागले नाही, कारण दोघींनाही शाळेचे दार जन्मतःच उघडे होते. तेच दार कुर्डीच्या मुलीला बंद होते, म्हणून तिला मनगट पुढे करून उभे राहावे लागले. कुर्डी हे गावही आता साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे त्याचे अवशेष काही आठवडे दिसतात. मोगूबाईंना पुढे शिष्य ‘माई’ म्हणू लागले. त्या हाकेत ‘बाई’ ह्या शब्दावरील सारा संकोच गळून पडला होता आणि आदर तेवढा उरला होता. त्यासाठी किती वर्षे लागली, हे मात्र त्या हाकेच्या गोडव्यात विसरता कामा नये.